औषध हातातून हातात जाताना : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

केअर होममधल्या औषध साठवणीचं काम आजपासून माझ्याकडे. मॅनेजमेंटचं म्हणणं थोडक्यात असं की नवीन लोखंडी कपाट घ्या, चांगलं कुलूप लावा, एक कॅमेरा बसवा आणि विषय संपवा. मी म्हटलं कोटेशन नंतर मागवू, आधी एक गोळी दारातून आत येते तिथपासून ती पोटात जाईपर्यंत किंवा नष्ट होईपर्यंतचा पूर्ण रस्ता मला कागदावर काढू द्या. इन्चार्ज सिस्टर लगेच तयार झाल्या, त्यांना बहुतेक हेच हवं होतं पण सांगायचं कुणाला.

थांबे असे निघाले: डिलिव्हरी, मोजणी, औषधखोली, ट्रॉली, रहिवाशाचा हात, आणि शेवटी जे दिलंच गेलं नाही किंवा उरलं ते. यात कुलूप दोनच ठिकाणी आहे, खोलीला आणि ट्रॉलीला. बाकी सगळीकडे औषध कुणाच्या तरी हातात असतं किंवा दोन हातांच्या मधे कुठेतरी पडून असतं. माझा अंदाज असा की गडबड कपाटात होत नाही, या मधल्या जागांत होते. कपाट घ्यायला विरोध नाहीये माझा, पण आधी हे तपासू.

नोंद रोज लिहिणार नाही, काही सापडलं किंवा ठरलं की लिहीन.

७ जानेवारी

डिलिव्हरी बघायला रिसेप्शनला बसले. बॉक्स दुपारी आला, रिसेप्शनच्या मुलीने सही केली, बॉक्स काऊंटरच्या मागे जमिनीवर, आणि सिस्टरना फोन केला तर त्या ड्रेसिंगमध्ये अडकलेल्या, मग कुणाच्याच लक्षात राहिलं नाही आणि संध्याकाळचा राऊंड सुरू व्हायच्या आधी एका मावशींनी तो बॉक्स उचलून खोलीत नेऊन ठेवला. आत काय होतं? बर्फाच्या पॅकसोबत इन्सुलिन, तोपर्यंत पॅक कोमट, आणि मॉर्फिनच्या पातळ औषधाची बाटली. म्हणजे ज्या औषधासाठी आम्ही डबल लॉकचं कपाट घेणार आहोत ते दुपारभर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाशी होतं. आणि बिलावर सही आहे, त्यामुळे कागदोपत्री सगळं व्यवस्थित.

ठरलं ते असं. सही फक्त ड्यूटीवरच्या नर्सची, दुसऱ्या कुणाचीच नाही. नर्स मोकळी नसेल तर डिलिव्हरीवाला थांबेल, आणि थांबायचं नसेल तर परत येईल (सप्लायरशी बोलून झालंय, त्यांनी कुरकुर केली पण मानलं, वेळ ठरवून द्या म्हणाले, जे रास्तच आहे). बॉक्स उघडल्यावर पहिल्यांदा थंड औषधं फ्रिजमध्ये, मग नियंत्रित औषधं (मॉर्फिनसारखी, ज्यांचा एकेका गोळीचा हिशोब ठेवावा लागतो ती) दोघांनी मिळून मोजून थेट कपाटात आणि रजिस्टरमध्ये, बाकीचं त्यानंतर. बाकीचं म्हणजे बीपीच्या गोळ्या वगैरे, त्या तासभर थांबल्या तरी चालतं.

१० जानेवारी

औषधखोली. खोली चांगली आहे पण खिडकी पश्चिमेला, आणि फ्रिज, ट्रॉलीचा चार्जर, जुना कॉम्प्युटर असं सगळं गरम होणारं सामान आतच. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर वरच्या फळीवर टांगून ठेवला कारण उष्णता तिथे साठते, आणि खालच्या फळीवर दुसरा. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर २५ अंशांच्या खाली किंवा ३० अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. वरची फळी दुपारी ३० च्या पुढे जाते, खालची जात नाही. म्हणजे एसी घ्यायच्या आधी पडदा लावणं, कॉम्प्युटर बाहेर काढणं आणि वरच्या फळीवर कापूस-बँडेज हलवणं एवढं तरी फुकटात होण्यासारखं आहे.

सिंकच्या वरचं कपाट रिकामं करायला सांगितलं. पाण्याच्या जवळ दमट होतंच. तिथे ॲस्पिरिनची मोठी बाटली होती, झाकण उघडलं तर व्हिनेगरसारखा वास. ओलाव्याने ॲस्पिरिन फुटून सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसिटिक ॲसिड होतं, तो वास ॲसिटिक ॲसिडचा. एक्स्पायरी अजून लांब होती बाटलीची! तारीख ही नीट ठेवलेल्या औषधाची असते हे नव्या मुलींना दाखवायला ती बाटली दोन मिनिटं फिरवली आणि मग बाद केली.

अजून दोन गोष्टी सापडल्या. नायट्रोग्लिसरिनच्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या कुणीतरी सोयीसाठी प्लास्टिकच्या डबीत काढलेल्या. हे औषध उडून जाणारं आहे आणि प्लास्टिकमध्ये शोषलं जातं, ते मूळच्या काचेच्या बाटलीतच राहायला हवं, झाकण घट्ट. नाहीतर छातीत दुखायला लागल्यावर जिभेखाली ठेवायची ती नुसती गोळी, आत औषध किती उरलंय कुणास ठाऊक. तसंच रक्त पातळ ठेवणाऱ्या डॅबिगाट्रानच्या कॅप्सूल आठवड्याच्या डबीत भरलेल्या, त्या ओलावा अजिबात सहन करत नाहीत, मूळ पॅकमधूनच द्यायच्या आणि बाटलीचा पॅक असेल तर उघडल्यापासून ४ महिन्यांत संपवायच्या. यात चोरीचा संबंध नाही, कुलुपाचाही नाही, पण औषध एका डबीतून दुसऱ्या डबीत गेलं आणि तिथे त्याच्यावर लिहिलेली सगळी माहिती गळाली.

१३ जानेवारी

फ्रिज. यावर लिहायला बरंच आहे.

फ्रिज घरगुती, छोटा, बर्फाचा कप्पा आतच असलेला. तापमानाचा चार्ट दाराला चिकटवलेला आणि त्यावर ४, ४, ४, ४, ४, पूर्ण महिना ४, एकाच पेनाने, एकाच तिरकेपणात. कुठलाही खरा फ्रिज असं वागत नाही. दार उघडलं, सामान भरलं, वीज गेली की आकडा हलतोच, त्यामुळे न हलणारा आकडा दिसला की समजायचं की महिन्याच्या शेवटी कुणीतरी बसून चार्ट भरलाय. ओरडण्यात अर्थ नव्हता. थर्मामीटर आत मागच्या बाजूला होता, वाचायला अख्खं सामान काढावं लागायचं, रात्री कोण करणार ते.

आता डिस्प्ले दाराबाहेर आणि प्रोब (तापमान मोजणारं टोक) आत मधल्या फळीवर, ग्लायकॉल या द्रवाच्या छोट्या बाटलीत बुडवून. हवेतला प्रोब दार उघडलं की उड्या मारतो, द्रवातला प्रोब औषधाच्या बाटलीला जे सोसावं लागतं त्याच्या जवळपास दाखवतो. चार्टवर आता नुसतं आत्ताचं तापमान नाही तर किमान आणि कमालही लिहायचं आणि लिहून झालं की रीसेट. पहिल्याच रात्री किमान शून्याच्या खाली गेलेलं सापडलं. इन्सुलिनचे बॉक्स बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेले होते, कारण सगळ्यांना वाटतं जितकं थंड तितकं चांगलं.

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि एकदा गोठलं की टाकायचं, मग वितळल्यावर पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी. इथेच वाद झाला. ‘दिसतंय तर चांगलं, मॅडम, एवढे बॉक्स टाकायचे?’ टाकायचे. गोठल्याने काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसत नाही, ते नंतर शुगरच्या चार्टवर दिसतं, आणि तेव्हा डॉक्टर डोस वाढवतात, आणि मग नवीन चांगल्या बॉक्समधून तोच वाढवलेला डोस गेला की आजी हायपोमध्ये, म्हणजे शुगर धोकादायक खाली. हे साखळीसारखं सांगितल्यावर सगळे गप्प झाले.

दाराच्या कप्प्यात औषध ठेवायचं नाही, मागच्या भिंतीला टेकवायचं नाही, स्टाफचे डबे त्यात नाहीत म्हणजे नाहीत. डब्यांसाठी दार सारखं उघडतं आणि फ्रिजला कुलूप लावता येत नाही, डबा बाहेर गेला की दोन्ही प्रश्न सुटतात.

राहिलं लोराझेपामचं इंजेक्शन, तेही नियंत्रित औषध. ते फ्रिजमध्येही हवं आणि कुलुपातही हवं. आत्तापर्यंत थंड आहे म्हणून नुसतं लोण्याच्या कप्प्यात. आता फळीला स्क्रूने पक्का केलेला छोटा कुलुपाचा डबा आत. पक्का करणं महत्त्वाचं, नाहीतर माणूस डबाच उचलून नेतो.

१६ जानेवारी

उघडल्याच्या तारखा. ट्रॉलीत इन्सुलिनची पेनं, डोळ्यांचे ड्रॉप्स, कशावरच उघडल्याची तारीख नाही, किंवा आहे पण नुसती तारीख, ती उघडल्याची की टाकायची ते कळेना. ग्लार्जिनसारखं इन्सुलिन उघडल्यावर साधारण २८ दिवस, पण सगळ्यांचं तेच नाही, डेग्लुडेक ८ आठवडे चालतं, त्यामुळे ‘इन्सुलिन म्हणजे २८’ असं पाठ करून चालत नाही, ज्या त्या पॅकवरचं वाचायचं. नवीन स्टिकरवर दोन रकाने, उघडलं आणि टाका. दोन्ही उघडतानाच भरायचे, कारण पहाटे ट्रॉलीपाशी उभं राहून २८ दिवस मोजायला लावणं हा अन्याय आहे आणि हिशोब चुकणारच.

पेनवर रहिवाशाचं नाव, झाकणावर नाही तर पेनच्या अंगावर, झाकणं अदलाबदल होतात. आणि सुई बदलली तरी एक पेन दोघांना वापरायचं नाही, रक्त कार्ट्रिजमध्ये मागे येऊ शकतं. हे सगळ्यांना माहीत होतं असं सगळे म्हणाले.

२० जानेवारी

नियंत्रित औषधांचं कपाट. डबल लॉक आहे: बाहेरचं दार एक किल्ली, आतलं दार दुसरी किल्ली. आणि दोन्ही किल्ल्या एकाच रिंगमध्ये, त्याच रिंगमध्ये औषधखोलीची, ट्रॉलीची आणि स्टोअरची पण. म्हणजे रिंग एकाच्या हातात पडली की सगळं उघडं, डबल लॉक फक्त इन्स्पेक्शनला दाखवण्यापुरतं. स्पेअर किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप नाही, आणि ती कुठे आहे हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत.

बदल: आतली किल्ली वेगळी, ड्यूटीच्या नर्सच्या अंगावर, शिफ्ट संपली की हातातून हातात पुढे, टेबलावर ठेवून नाही. किल्ल्यांचं छोटं रजिस्टर. स्पेअर सीलबंद पाकिटात, पाकिटावर दोन सह्या, ऑफिसच्या तिजोरीत, सील तुटलेलं दिसलं की कारण लिहिलेलं असायला हवं.

कपाट उचलून बघितलं तर भिंतीतून हललं. स्क्रू प्लायमध्ये होते. काँक्रीटच्या भिंतीवर हलवतोय, मेंटेनन्सला सांगितलंय.

२२ जानेवारी

ओव्हर (शिफ्ट बदलताना एकीने दुसरीकडे काम सोपवणं) घेताना-देताना मोजणी कशी होते ते बघायला संध्याकाळच्या आणि सकाळच्या शिफ्टला उभी राहिले. प्रकार असा: जाणारी सिस्टर रजिस्टर वाचते, ‘मॉर्फिन दहा, अठरा’ (दहा मिग्रॅच्या गोळ्या, अठरा शिल्लक), येणारी म्हणते ‘हो’, सही. कपाट उघडतं पण गोळीला कुणी हात लावत नाही. दोघीही दमलेल्या, एकीला घरी जायचंय, दुसरीला राऊंड सुरू करायचाय, आणि इतक्या वर्षांत कधी काही कमी आलेलं नाही, मग कशाला.

आता उलट केलं. येणारीने प्रत्यक्ष माल मोजायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा, जाणारीने रजिस्टर उघडून बघायचं जुळतं का. जी आता जबाबदारी घेणार आहे तिने स्वतः मोजलेलं असलं पाहिजे, साधी गोष्ट. शिवाय आधी आकडा ऐकला की डोळ्यांना तेवढ्याच गोळ्या दिसतात, माणसाचं तसंच असतं.

स्ट्रिप पुढून मोजायची आणि उलटी करून मागून बघायची. फॉईलला बारीक चीर देऊन गोळी काढून दुसरी तशीच दिसणारी सरकवायची आणि टेप लावायची, ही जुनी युक्ती आहे, बऱ्याच ठिकाणी झालेली. टेप लावलेली स्ट्रिप दिसली की ती बाद, कारण काहीही असो.

पातळ मॉर्फिनची गंमत वेगळी. बाटलीत छापल्यापेक्षा थोडं जास्त भरलेलं असतं, आणि मापाच्या सिरिंजला दर वेळी थोडं चिकटून राहतं, त्यामुळे रजिस्टर आणि बाटली तंतोतंत जुळत नाही. म्हणून ‘पातळ आहे, थोडं इकडेतिकडे होतंच’ हे वाक्य तयार झालंय आणि नेमकं त्या वाक्यात लपता येतं, काढून घ्या आणि पाणी घाला, पातळी तीच. ठरलं असं की रोज पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून अंदाज, आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून खरं मोजमाप, किती मिलीपर्यंत फरक चालेल तो आकडा आधीच लिहून ठेवलेला. रंग, वास, घट्टपणा बदलला वाटला तर बाटली बाजूला. आणि ताकद. मॉर्फिनचं साधं द्रावण मिलीला २ मिग्रॅ असतं आणि काँसन्ट्रेट मिलीला २० मिग्रॅ, म्हणजे दहापट. दोन्ही शेजारी शेजारी होती. आता वेगळ्या फळीवर, वेगळ्या रंगाच्या ट्रेमध्ये, रजिस्टरची पानं पण वेगळी.

नाईट सिस्टरचा आक्षेप होता की यात दहा मिनिटं जास्त जातात आणि ती त्यांच्या ड्यूटीनंतरची दहा मिनिटं आहेत. बरोबर आहे त्यांचं. मॅनेजमेंटला लिहिलंय की ओव्हरचा वेळ पगारी धरा, नाहीतर हे टिकणार नाही.

रजिस्टर बांधलेलं, पानांना नंबर. व्हाईटनर खोलीतून काढून टाकलं. चुकलं तर एक रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, सही.

२७ जानेवारी

ट्रॉली. सकाळच्या राऊंडला एक आजोबा बाथरूमपाशी पडले, सिस्टर धावल्या, धावायलाच हवं होतं, ट्रॉली कॉरिडॉरमध्ये उघडी. तेवढ्यात स्मृतिभ्रंश असलेल्या एक आजी आल्या आणि वरच्या कप्प्यातली डबी उचलून चालायला लागल्या, मावशींनी गोड बोलून परत घेतली. ‘ट्रॉली लॉक करून मग जा’ असं सर्क्युलर काढणं सोपं आहे पण माणूस पडलेला दिसल्यावर कुणी किल्ली शोधत बसणार नाही आणि बसूही नये. म्हणून ढकललं की आपोआप लॉक होणारे ड्रॉवर हवेत. एका हाताने, एका धक्क्यात. कपाटाच्या बजेटमधले पैसे इकडे वळवायला सांगितलेत, माझ्या मते पूर्ण प्रकल्पात पैसे खर्च करण्यासारखी ही सगळ्यात पहिली गोष्ट आहे.

ट्रॉलीवर कपात आधीच काढून ठेवलेल्या गोळ्याही सापडल्या, कपाला नावाची चिठ्ठी. हे कुठेच चालत नाही, कारण गोळी स्ट्रिपमधून बाहेर आली की ती कुठली हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, कप कलंडला की नाव एकाचं गोळ्या दुसऱ्याच्या. पण का करतात ते विचारलं. तर सकाळी ८ च्या एका राऊंडला जवळजवळ सगळ्यांचं जवळजवळ सगळं औषध, तेवढ्या वेळात काढून देणं शक्यच नाही, म्हणून रात्रपाळी मदत म्हणून काढून ठेवते. म्हणजे एकीने काढायचं, दुसरीने द्यायचं, सही दुसरीची. डॉक्टरांसोबत बसून यादी बघतोय, ज्या गोळ्या दुपारी किंवा रात्री दिल्या तरी चालतात त्या हलवू, आणि ज्यांची गरजच उरली नाही त्या बंद होतील तर उत्तमच.

मेथोट्रेक्सेट ट्रॉलीतून काढलं. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच असतं आणि रोज दिलं गेलं तर माणूस दगावू शकतो, जगभर अशा घटना झाल्यात. आता ते औषधखोलीत वेगळ्या डब्यात, डब्यावर वार लिहिलेला, त्या दिवशीच बाहेर येणार. हायड्रॅलझिन आणि हायड्रॉक्सिझिन पण शेजारून हलवले, एक बीपीचं, एक खाजेचं, नावं घाईत सारखीच वाचली जातात.

३१ जानेवारी

रहिवाशांच्या खोल्या. इथे मी जरा हळू जाणार आहे कारण ही त्यांची घरं आहेत, आपली स्टोअररूम नाही.

उशाशी, ड्रॉवरमध्ये, बाथरूमच्या फळीवर काय काय: घरच्यांनी आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, जुनी ॲन्टिबायोटिक्स, मलमं, ड्रॉप्स, इनहेलर, आणि गिळायला त्रास असलेल्यांसाठी पाणी घट्ट करायची पावडर. पावडर बघून माझ्या पोटात गोळा आला. ती औषध वाटतच नाही ना कुणाला. २०१५ मध्ये इंग्लंडच्या एनएचएसने (तिथली सरकारी आरोग्यसेवा) यावर खास धोक्याची सूचना काढली होती, केअर होममधल्या एका रहिवाशाने कोरडी पावडर तोंडात टाकली आणि ती घशात फुगून श्वास कोंडून मृत्यू झाला. आता पावडर खोलीत नाही, पॅन्ट्रीत कुलपाच्या कपाटात. पॅराफिन असलेली मलमं राहू शकतात पण ती कपड्यांत, चादरीत मुरतात आणि मग ते कापड फार पटकन पेटतं, म्हणून सिगारेट ओढणाऱ्यांच्या यादीशी ताडून बघायला दिलंय.

पण सगळंच काढून घ्यायचं का? एक आजोबा, डोकं लख्ख, वर्षानुवर्षं स्वतःचा इनहेलर स्वतः घेतात, त्यांना म्हटलं सिस्टर ठेवतील तर म्हणाले, ‘मला धाप लागल्यावर मी आधी बेल वाजवू, मग सिस्टर किल्ली शोधणार, मग मी श्वास घेणार?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि असायचं कारणही नाही, त्यांचंच बरोबर. तातडीचा इनहेलर आणि नायट्रोग्लिसरिन माणसाच्या हाताशीच हवं. ज्यांना स्वतः घेता येतं त्यांची तपासणी करून लिहून ठेवायचं, खोलीत कुलपाचा ड्रॉवर द्यायचा, त्याची किल्ली त्यांच्याकडे, आणि इनहेलर खिशात किंवा गळ्यातल्या पाउचमध्ये. ड्रॉवर त्यांच्यापासून वाचवायला नाही, शेजारच्या खोलीतून चुकून येणाऱ्यापासून वाचवायला आहे. तपासणी दर काही महिन्यांनी पुन्हा, कारण माणूस बदलतो.

तसंच इमर्जन्सी किट. ॲड्रेनॅलिन (तीव्र ॲलर्जीसाठी), ग्लुकागॉन आणि ग्लुकोज (शुगर खाली गेली तर), यांना कुलूप नको, तोडता येणारं नंबरचं प्लास्टिक सील हवं. तुटलं की दिसतं, आणि तोडायला किल्ली लागत नाही. मॅनेजमेंटला सुरक्षितता म्हणजे कुलूप असं वाटतं म्हणून हे वेगळं लिहून पाठवलं.

३ फेब्रुवारी

पॅच. फेंटानिल या जोरदार वेदनाशामकाचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच ७२ तास लावायचा असतो, आणि काढला तेव्हा संपलेला नसतो, त्यात बरंच औषध उरलेलं असतं, लहान मुलाचा जीव जाईल इतकं. आमच्याकडे वापरलेला पॅच साध्या कचऱ्याच्या बादलीत जात होता. नवीन पॅच डबल लॉकमध्ये, जुना बादलीत, दोन्हीत औषध तेच! आता चिकट बाजू आत घडी करून, दोघांसमोर, नष्ट करायच्या डब्यात, रजिस्टरमध्ये नवीन लावल्याची आणि जुना काढल्याची नोंद एकाच ओळीत. लावला कुठे त्याची शरीराच्या चित्रावर खूण, आणि प्रत्येक शिफ्टला बघायचं की तो तिथे आहे. नसेल तर चादरीत, कपड्यात, दुसऱ्याच्या अंगावर शोधायचा, शोधल्याशिवाय चादर लाँड्रीला जाणार नाही. शेकायची पिशवी पॅचवर नको, उष्णतेने औषध वेगाने आत जातं.

६ फेब्रुवारी

उरलेलं औषध. माझ्या मते सगळ्यात सैल जागा.

माणूस वारला की सगळ्यांचं लक्ष घरच्यांकडे, कागदपत्रांकडे, खोली आवरण्याकडे. औषधं एका पिशवीत आणि पिशवी खालच्या खणात. त्या खणात आज बऱ्याच पिशव्या निघाल्या, काहींवर नावही नाही. आत मॉर्फिनच्या गोळ्या पण होत्या. रजिस्टरमध्ये त्या ‘परत’ असं लिहिलेलं, कुणाला परत, कधी परत, काही नाही. रजिस्टरच्या हिशोबाने त्या इमारतीत नाहीतच.

हॅरॉल्ड शिपमन हा इंग्लंडमधला डॉक्टर, २००० मध्ये १५ रुग्णांच्या खुनांसाठी दोषी ठरला, हत्यार डायमॉर्फिन, मॉर्फिनच्याच जातीचं जोरदार वेदनाशामक. त्याच्या साठ्याचा एक रस्ता हाच होता, घरी वारलेल्या रुग्णांचं उरलेलं औषध ‘मी नष्ट करतो’ म्हणून घेऊन जायचं. त्यावरच्या चौकशी आयोगाने नियंत्रित औषधांवर पूर्ण एक अहवाल दिला, २००४ मध्ये. टोकाचं उदाहरण आहे, मान्य, पण मुद्दा इतकाच की वारलेल्या माणसाचं औषध कुणीच मोजत नाही कारण ते आता कुणालाच लागणार नसतं.

आमच्याकडचं कारण फार साधं निघालं, चांगली औषधं टाकायची कशी, कुणाला तरी उपयोगी पडतील. भावना कळते. पण एकाच्या नावाचं दुसऱ्याला दिलं की डोस, तारीख, साठवण कशाचाच माग राहत नाही. तर: बंद झालेलं किंवा वारलेल्याचं औषध त्याच शिफ्टमध्ये चालू स्टॉकमधून बाहेर, दोघांनी मोजून सील, वेगळ्या कुलपाच्या खणात, नियंत्रित असेल तर नष्ट होईपर्यंत रोजच्या मोजणीत राहणार. लगेच नष्टही करायचं नाही, मृत्यूबद्दल प्रश्न आला तर लागू शकतं, ब्रिटनमध्ये केअर होमना ७ दिवस ठेवायला सांगतात, आम्हीही तेच धरलंय.

खणातल्या पिशव्यांची यादी करायला इन्चार्ज सिस्टर आणि मी बसलो ते रात्र झाली.

१२ फेब्रुवारी

मोजणीत एक गोळी कमी. नवीन पद्धत सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. ती सापडली, एका आजींनी थुंकलेली आणि गडबडीत कचऱ्यात गेलेली, नोंद राहिली. नाकारलेल्या डोसलाही दोन सह्या हव्यात हे परत सांगितलं.

पण त्यासाठी मागची पानं चाळताना वेगळंच दिसलं, त्यात आकडा कुठेही कमी नाही. ‘लागेल तेव्हा’ म्हणून लिहिलेली वेदनेची गोळी, ज्यांना बोलता येत नाही अशा दोन रहिवाशांना, ठरावीक रात्रीच. इतर रात्री शून्य. रजिस्टरमध्ये दिल्याची सही, पण वेदनेच्या चार्टवर त्या रात्री काहीच नाही, आणि दिवसा फिजिओथेरपिस्टने लिहिलंय की रहिवासी कण्हत होते. दोन कागद शेजारी ठेवले म्हणून दिसलं, एरवी दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्याला बोलता येत नाही त्याला गोळी मिळाली का हे विचारणार कोण.

याचा अर्थ काय हे ठरवणं माझं काम नाही. त्याच दिवशी लेखी मॅनेजमेंटकडे दिलं, पुढची चौकशी नियमाप्रमाणे बाहेरून होणार, इथे कुणाचंही नाव किंवा संशय लिहिणार नाही. दोघांच्याही वेदना डॉक्टरांनी आज परत तपासल्या आणि औषध नियमित वेळेवर केलं, ते जास्त तातडीचं होतं.

यापुढे महिन्यातून एकदा रजिस्टर आणि वेदनेचा चार्ट शेजारी ठेवून बघायचे, बघणारी व्यक्ती औषध देणारी नसावी.

१८ फेब्रुवारी

कॅमेरा आणि कुलपाची मीटिंग. १२ तारखेनंतर मॅनेजमेंटला सहा कॅमेरे हवेत. मी म्हटलं एक घ्या, औषधखोलीच्या आत, कपाटाच्या दिशेने. रहिवाशांच्या खोलीत आणि ट्रॉलीवर नको, आजोबा कपडे बदलताना कॅमेऱ्यात यायला नकोत. आणि जे सापडलं ते कुठल्याही कॅमेऱ्यात दिसलं नसतं, गोळी कपाटातून रीतसर सही करून बाहेर आली होती.

इलेक्ट्रॉनिक कुलूप घेतोय, प्रत्येकीचा स्वतःचा कोड, कोण कधी आलं त्याची यादी निघते. अडचण बदली नर्सची, त्यांना एक कॉमन कोड द्या असं सुचवलं गेलं. तसं केलं तर यादीत ‘बदली नर्स’ एवढंच दिसेल, मग कुलूप कशाला. एका शिफ्टपुरता चालणारा कोड इन्चार्जने काढून द्यायचा. नोकरी सोडली की कोड त्याच दिवशी बंद, हे एचआरच्या यादीत घातलंय. बॅटरी संपली तर काय? साधी किल्ली, सीलबंद पाकिटात, वर लिहिलंय ते.

२५ फेब्रुवारी

लॉक होणारी ट्रॉली आली. सिस्टर खूश, चाकं पण चांगली आहेत म्हणे.

वीज गेल्याची प्रॅक्टिस केली, फ्रिजचा स्विच बंद करून (आधी औषधं हलवून). शिकवलं एवढंच की दार उघडायचं नाही, वेळ लिहायची, प्रोबवर नजर ठेवायची, ८ च्या पुढे गेलं तर औषधावर ‘वापरू नका’ लिहून बाजूला ठेवायचं आणि फार्मसीला विचारायचं. बाजूला म्हणजे थंडीतच. घाईने कचऱ्यात टाकायचं नाही, किती वेळ आणि किती तापलं यावर ठरतं.

नवीन फ्रिज औषधांसाठीचा, बर्फाचा कप्पा नसलेला, आज लावला. अजून रिकामा आहे. आत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात, काही दिवस किमान-कमाल बघू, २ ते ८ मध्ये राहिला तर इन्सुलिन हलवू.

बाकी राहिलेलं: ओव्हरच्या पगारी वेळेचं उत्तर आलेलं नाही, परत लिहायचं. खणातल्या जुन्या पिशव्या नष्ट करायची तारीख आणि साक्षीदार ठरवायचे. सकाळी ८ च्या राऊंडची यादी डॉक्टरांकडे अर्धी झालीये. आजोबांच्या ड्रॉवरची किल्ली जड जाते, कुलूपवाल्याला बोलवायचं.